भाऊसाहेबांच्या दुकानाचा रंग

भाऊसाहेबांनी उभ्या गल्लीचे फोटो काढले, पण स्वतःच्या स्टुडिओचा तेवढा राहिला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय म्हणायचं!

झालं असं, की नगरच्या जुन्या बाजारातला रस्ता रुंद व्हायचा होता. दोन्ही बाजूंची दुकानं पडणार होती. याच गल्लीत वाढून आर्किटेक्ट झालेल्या यशोधरानं ठरवलं, की त्याआधी एकेका दुकानाचा समोरून फोटो घ्यायचा आणि ते जोडून कॉम्प्युटरवर अख्खी गल्ली उभी करायची. फोटोंचं काम भाऊसाहेबांकडे आलं. स्वतःच्या दुकानापाशी आले की ते म्हणायचे, हे घरचंच, कधीही काढू. आणि एक दिवस राहुरीहून लग्नाची ऑर्डर उरकून परतले, तर स्टुडिओ जमीनदोस्त. दार, पाटी, सगळं राडारोड्यासकट टेम्पोत भरून गेलेलं.

आता यशोधराच्या पडद्यावर गल्ली दिसत होती आणि मधोमध पडलेल्या दातासारखी एक फट.

"काका, तुम्ही सांगा, मी हातानं काढते," ती म्हणाली. "दाराचा रंग कोणता होता?"

भाऊसाहेब सांगायला गेले. सत्त्याहत्तर सालापासून उघडलेलं दार, आणि रंग आठवेना! जन्म आत बसून बाहेर बघण्यात गेला होता. जुने फोटो उपसले, तर सगळ्यांत गिऱ्हाइकं आणि त्यांच्यामागचा निळा पडदा. बाहेरून दुकान कुणी कशाला टिपतंय?

बायकोला, रतनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पिवळा."

समोरच्या बांगडीवाल्या बनुबाई आता हातगाडीवर बसत होत्या. त्या ठसक्यात म्हणाल्या, "हिरवं हुतं वो! रोज त्वांडासमूर हुतं, मी काय आंधळी हाय?"

"माझं दुकान होतं का सरडा?" भाऊसाहेब चिडले. पण आतून ते घाबरले होते. जिथं जन्म गेला ते दुकान आपल्यालाच दिसत नाही, म्हणजे काय समजायचं?

"काका, उद्या सगळ्यांना दाखवायचंय," यशोधरा म्हणाली. "नाहीतर तिथं कोरी भिंत ठेवते."

कोरी भिंत म्हटल्यावर भाऊसाहेबांना राहवेना.

"निळा," ते बोलून गेले. कुठून आला तो निळा, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली यशोधराच्या घरी कॉम्प्युटरपुढे लोटली. यशोधरा माऊस सरकवत होती तसं प्रत्येकाला आपापलं दुकान भेटत होतं. भाऊसाहेबांचं दार आलं, आणि बनुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आगं बया, हुबेहूब! निळंच हुतं."

"अहो, तुम्ही तर हिरवं म्हणत होता!" भाऊसाहेब म्हणाले.

"मी? न्हाई वो. ह्ये काय समूर दिसतंय की."

रतनबाईही मान डोलवत होत्या. पिवळ्याचं नाव नाही!

भाऊसाहेब गोंधळून बाहेर ओट्यावर येऊन बसले. खोटं आपण बोललो, हे ठाऊक असलेला एकटा माणूस आपण, आपण तरी खरं आठवलं पाहिजे. त्यांनी डोळे घट्ट मिटले. कितीतरी दिवसांनी दुकान नीट समोर आलं. कुलूप, कडी, उंबऱ्यावरची खोक. त्यांना हायसं वाटलं.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. ते निळं होतं.