मिल गार्डनमधली जोडखुर्ची

मिल गार्डन हे जुनं, छपराखालचं बर्फाचं मैदान बंद करायचं ठरलं तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी डोळे पुसले. हेल्मी लेहटोनेनने पुसले नाहीत. बर्फावरच्या हॉकीचं तिला तसं कधीच कौतुक नव्हतं. तिला घोर लागला होता तो सी विभागातल्या अकरा आणि बारा नंबरच्या खुर्च्यांचा.

त्या खुर्च्या तिच्या वडिलांनी कायमच्या राखून घेतलेल्या. कागद गिरणीत आयुष्य घालवलेल्या त्या फिनिश माणसाने जाताना एक हेल्मीला दिली आणि एक तिच्या थोरल्या बहिणीला, आयलीला. तळ्याकाठचं लाकडी घर मात्र थोरलीच्याच नावावर राहिलं, आणि तिने ते सौनासकट, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासकट, एका टोरांटोवाल्याला विकून टाकलं. धाकटीला आधी विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

पण वडिलांची खुर्ची सोडणार कोण? हिवाळ्यात दर शुक्रवारी सामन्याला दोघी येऊन शेजारी शेजारी बसत. गुडघ्यांवर एकच जुनी घोंगडी, तिचं एक टोक हिच्याकडे, दुसरं तिच्याकडे. हेल्मी थर्मासमधून दोन पेल्यांत कॉफी ओतायची आणि एक पेला दोन खुर्च्यांमधल्या हातावर ठेवायची. आयली तो मुकाट्याने उचलायची. बोलायचं ते सगळं पंचाशी. “समोरचं माणूस दिसत नाही का रे? की दिसूनही तोंड फिरवतोस?” असं आयली ओरडली की हेल्मी परवा बाजारात तोंड चुकवून गेली असणार, हे मागच्या रांगेलाही कळायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, मिल गार्डनमध्ये पंचाला बोले, बहिणीला लागे. हेल्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात तर आयलीने पंचाला सल्ला दिला होता, की बाबा, डॉक्टर सांगतो तेवढा व्यायाम कर, जिने चढू नकोस. पंच बिचारा पंचविशीतला. तो वर बघतच राहिला.

नवं मैदान हमरस्त्यालगत झालं होतं. तिथे ज्याने त्याने हवी ती खुर्ची निवडायची होती. शेजारी बसायचं तर दोघींपैकी एकीने दुसरीला फोन करायला हवा होता, आणि ते होणं नव्हतं. म्हणजे गार्डन गेलं की बहीण गेली. हेल्मीला हे लख्ख कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

जुन्या इमारतीचं करायचं काय, यावर नगरपालिकेने सभा लावल्या. कुणी म्हणालं बिअरचा कारखाना काढा, कुणी म्हणालं सदनिका, कुणाला गाड्या ठेवायला जागा हवी होती. हेल्मी प्रत्येक सभेला गेली आणि प्रत्येक गोष्टीला नाही म्हणाली. गंमत अशी की सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसून आयलीही नाहीच म्हणत होती. इतक्या वर्षांत दोघींचं एकमत झालं ते हे. शेवटी समितीच्या अध्यक्षा ट्रॉटियरबाई वैतागून म्हणाल्या, “अहो, मग तुम्हाला हवंय तरी काय तिथे?” हेल्मीला त्या क्षणी रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती खाली बसली.

आच्छादित मंडई करायचं ठरलं. भाजी, मासे, पाव, चीज, आणि वरच्या बाजूला वाचनालय. खुर्च्या ज्याच्या त्याने घेऊन जायच्या, नको असतील तर मंडईत बाकांसारख्या मांडू, असं ट्रॉटियरबाईंनी जाहीर केलं.

हेल्मी आपली खुर्ची न्यायला गेली तर आयली आधीच हातगाडी घेऊन उभी. लेस्टर नावाचा कामगार डोकं खाजवत होता. खुर्च्या जोडीने, एकाच सांगाड्यात ओतलेल्या होत्या. दोन्हींना मिळून मधला लोखंडी पाय एकच.

“कापून देतो,” तो म्हणाला. “पण पाय एकीलाच जाईल. दुसरी उभी राहायची नाही.”

“यांना विचार, पाय हवाय का,” हेल्मी लेस्टरला म्हणाली.

“यांना सांग, मला नुसता पाय नकोय,” आयली लेस्टरला म्हणाली. “आणि अख्खी जोडी यांच्या खुराड्यात मावायची नाही.”

“यांच्या दारात तरी कुठे मावतेय? बर्फात गंजून जाईल.”

लेस्टर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. शेवटी आयली म्हणाली, “याला म्हणावं, आहे तिथेच राहू दे.” लेस्टरने पाना खिशात टाकला आणि तो पुढच्या रांगेकडे गेला.

मंडई ऑक्टोबरात उघडली. पहिल्या शुक्रवारी हेल्मी थर्मास आणि घोंगडी घेऊन गेली. बर्फ होता तिथे आता मासेवाला आणि कांद्याबटाट्यांचे ढीग होते. ती आपल्या जागेवर बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. आज ना सामना, ना शिट्टी. आयलीने यावं असं इथे काही नव्हतंच. हेल्मीला आपल्या त्या घोंगडीची लाज वाटायला लागली. ती घडी घालून पिशवीत कोंबणार, एवढ्यात आयली कांद्यांची पिशवी घेऊन आली आणि बसली. तिने घोंगडीचं आपलं टोक ओढून घेतलं.

हेल्मीने कॉफी ओतली, पेला मधल्या हातावर ठेवला. आता ओरडायचं कुणावर? आयलीने मासेवाल्याकडे पाहिलं. तो चोख तोलत होता, त्याला बोल लावायला जागाच नव्हती. तिने पेला उचलला, एक घोट घेतला आणि मान वळवून सरळ बहिणीकडे बघितलं.

“कॉफी पातळ आहे गं तुझी.”

हेल्मीही तिच्याकडे वळली. “बावीस वर्षं पितेस की! आज कळलं?”

“कळलं होतं पहिल्याच दिवशी,” आयली म्हणाली. “पण ते पंचाला कसं सांगणार?”

हेल्मीने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, पुढच्या शुक्रवारी एक चमचा जास्त घालीन.