उघडायची नाही अशी फाइल

सकाळी दहाला प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या संगणकाभोवती अकरा जण दाटीवाटीने उभे होते. त्यातल्या सात जणांच्या नावामागे डॉक्टर लागतं. रक्ताच्या नळ्या सांभाळणारा मी बारावा. महाराजांनी डोळे मिटले, कीबोर्डवर तळवा ठेवला. "यंत्र माणूस ओळखतं," ते पुटपुटले आणि त्यांनी एक बटण दाबलं. चाळीस पायऱ्यांचं गणित सरसर उतरलं आणि पडद्यावर आलं: औषधाने मूत्रपिंडाला अपाय नाही.

"बघा!" प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, म्हणाले. एकाने तर चक्क हात जोडले.

महाराज म्हणजे आमचे संगणक सांभाळणारे गृहस्थ. 'महाराज' ही पदवी साहेबांनी दिलेली. तेच गणित, तेच आकडे. पण या औषधावर पीएचडी करणाऱ्या ताईंच्या संगणकावर उत्तर उलटं यायचं: अपाय आहे. ज्यांनी महाराजांची दीक्षा घेतली, त्यांचं उत्तर मात्र महाराजांसारखं. दीक्षा म्हणजे एक फाइल. ती एरवी दिसत नाही, काम सुरू करताना संगणक ती गुपचूप वाचतो. महाराज ती पेनड्राइव्हवर द्यायचे आणि बजावायचे, "उघडायची नाही. बिघडेल." कुणी उघडली नाही. अडाणी माणूस एकवेळ विचारेल. शिकलेल्याला, आपल्याला कळत नाही हे इतरांना कळेल याचीच धास्ती.

ताईंनी दीक्षा घेतली नव्हती. म्हणून त्यांचं तीन वर्षांचं काम शुक्रवारच्या बैठकीत मोडीत निघणार होतं आणि औषध आणखी रुग्णांना सुरू होणार होतं.

"अगं, घे की ती फाइल," साहेब म्हणाले. "हट्टाला काही सीमा?"

"घेते, सर. पण उघडून घेते."

महाराज हसले. "चहा पिताना साखर कुठून आणली ते विचारतेस का, बाळ?"

"खारट लागला की विचारते."

ताईंनी महाराजांच्याच संगणकावर फाइल उघडली. दोनच ओळी. पहिली महाराजांनी स्वतःसाठी लिहिलेली: 'तात्पुरतं. नंतर काढणे.' शेजारी तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. दुसरीत हुकूम: कुठलाही प्रोग्राम आधी माझ्या जुन्या फोल्डरमध्ये शोध.

ताईंनी माझ्याकडून नळ्यांवरच्या, रुग्णाची खूण लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या घेतल्या, a3 आणि B7.

"याद्या क्रमाने लावणारे एकाच नावाचे दोन प्रोग्राम आहेत. जुना मोठी अक्षरं आधी घेतो: B7, मग a3. नवा लहान-मोठं बघत नाही: a3, मग B7. सातवी पायरी नव्याला पूर्ण पत्ता देऊन बोलावते. तो रुग्णांची यादी लावतो. नववी नुसती हाक मारते, आणि दाराशी पहिला असेल तो ओ देतो. महाराजांच्या दाराशी जुना बसलाय. तो लावतो तपासणीच्या आकड्यांची यादी. दहावी पायरी दोन्ही याद्या शेजारी शेजारी चिकटवते, तीही डोळे मिटून. झालं! आजाऱ्याचा आकडा धडधाकटाच्या नावावर, आणि अपाय गायब."

त्यांनी दुसरी ओळ पुसली. "आता ठेवा हात, महाराज."

महाराजांनी हात ठेवला. पडद्यावर आलं: अपाय आहे.

"आज यंत्राचं चित्त थाऱ्यावर नाही," महाराज म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, दोन डॉक्टरांनी मान डोलावली.

"शुक्रवारचं पुढे ढकलू," साहेब भिंतीकडे बघत म्हणाले. ताईंची माफी कुणी मागितली नाही. त्यांनी नवव्या पायरीत पूर्ण पत्ता लिहिला, दहावीत चिठ्ठी जुळल्याशिवाय चिकटवायचं नाही असं घातलं, आणि a3 समोरचा वाईट आकडा दाखवून मला विचारलं, "a3 कोण?"

मला ठाऊक होतं. एक शिंपीण. दर महिन्याला रक्त द्यायला यायची आणि माझ्या शर्टाची शिवण कशी चुकलीय ते सांगायची. आठ महिने तिला आम्ही 'सगळं ठीक' असा कागद देत होतो. ताईंनी लावलेला फोन तिच्या मुलीने उचलला.

"आईचे पाय सुजलेत हो. पण तुमचा कागद ठीक म्हणतो, म्हणून गोळी चालूच ठेवली."

"आजची देऊ नका," ताई म्हणाल्या. "आत्ता लगेच दवाखान्यात न्या."

उघडू नका असं ज्याबद्दल बजावलं जातं, ते आधी उघडा. दुसरं कुणी उघडेल म्हणून थांबू नका. आमच्याकडे अकरा जण थांबले होते. त्यातले सात डॉक्टर.