कौसल्याबाईच्या हातचं बियाणं

"बियाण्याचं काही विचारायचं असलं, तर तुम्ही आधी कोणाकडे जाता?"

नागपूरच्या कॉलेजातून पाहणीला आलेल्या शरच्चंद्रने इंदूबाईला हा प्रश्न केला आणि चुलीपुढे बसलेल्या कौसल्याबाईचा चहा गाळता गाळता सांडला. शेतीतलं नवं ज्ञान गावात कोणाच्या तोंडून कोणाच्या कानी जातं, हे त्याला शोधायचं होतं. खरं तर बियाण्यापुरतं तरी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं; त्यासाठी बसमधून धक्के खात यायची काही गरज नव्हती.

ज्वारी कापणीला आली की कौसल्याबाई शेतात शिरायची, धांडा न् धांडा न्याहाळून टपोरी कणसं निवडायची आणि चुलीवरच्या आढ्याला, धुरात टांगून ठेवायची. गावात बी राखायचं ते तिनेच. मृग जवळ आला की बाया सुपं घेऊन तिच्या दारात उभ्या. सासूकडून आलेला हा मान, आणि त्याचा तिला तोराही काही कमी नव्हता.

मग हायब्रीड ज्वारी आली. पहिल्याच वर्षी कणसं अशी भरली की कौसल्याबाई हरखून गेली. नेहमीच्या रिवाजाने तिने त्यातलीच निवडून टांगली आणि बियाण्याला राखलेल्या जुन्या गावरानी ज्वारीच्या भाकरी करून टाकल्या. तिचा नवरा बाबाराव चावडीवर काहीबाही ऐकून आला होता.

"ग्रामसेवक सांगून राहिला होता, ह्या ज्वारीचं बी घरचं चालत नाही म्हणे. दरसाल नवं आणा लागते."

"त्याले काय समजते? माह्या हातचं बियाणं कधी फसलं काय?"

इंदूबाई तेव्हा समोरच उभी होती. ती हसली आणि सूपभर बी घेऊन गेली.

गेल्या खरिपात ते उगवलं. एक धांडा डोक्याइतका उंच, दुसरा जेमतेम गुडघ्याइतका, आणि कित्येक कणसांत दाणाच नाही. भांडायला कोणी आलं नाही. चार शिव्या कोणी घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. इंदूबाई एकटी बाई, तिचं तेवढंच एक शेत. ती मुकाट्याने कोराडीला वीजघराच्या बांधकामावर घमेली उचलायला जाऊ लागली. कौसल्याबाई मात्र लाजेनं पार मेली. कोणाची नजर नको म्हणून ती झुंजूमुंजूलाच विहिरीवर जाऊन यायची.

आणि आज इंदूबाई आपणहून आली होती. काखेत सूप.

"काहून इचारता भाऊ?" ती शरच्चंद्रला म्हणाली. "अख्खं गाव जिच्याकडे येते, तिच्याच घरी बसून राहिले तुम्ही!"

टोमणा असता, तर कौसल्याबाईने सोसला असता. पण तो टोमणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

इंदूबाई तिच्याकडे वळली. "देतं न वं बी? हायब्रीड नको. आपलं जुनं दे."

कौसल्याबाईने वर पाहिलं. आढ्याला नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या.

"नाही वं इंदू," ती म्हणाली. "सारं दळून खाल्लं."

शरच्चंद्रला त्यातलं काही उमगलं नाही. त्याने चहाचा कप उचलला आणि कौसल्याबाईला पुढचा प्रश्न केला. "आणि बाई, तुम्ही? तुम्ही कोणाला विचारता?"

आजवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने पदर सावरला.

"आता नागपूरले, लकडगंजच्या बियाणेवाल्या दुकानदाराले," ती म्हणाली.

"वा!" शरच्चंद्र खूश झाला. "गावात निदान एक तरी सुधारलेलं माणूस भेटलं!"

इंदूबाईने चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला आणि रिकामं सूप पुन्हा काखेत मारलं. दारात ती जराशी थांबली.

"नागपूरले बी आणाले जाशीन, तं मले हाक मार वं. सोबतच जाऊ."

कौसल्याबाईने होकाराची मान डोलावली. इंदूबाई अंगण ओलांडून जाईपर्यंत ती चुलीतली राख सारखी करत राहिली.