एका रोपाचं एकच पान

रानलसूण लावणं हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. बी पेरल्यापासून पान खुडण्याजोगं व्हायला सात वर्षं लागतात, तीही सावलीत, कुजक्या पाल्यात आणि कुणी लुडबुड केली नाही तर. आमच्याकडे लुडबुड करणारी माणसं दोन. एक आमचे हे, आणि दुसरी माझी धाकटी बहीण. ती राहते पलीकडच्या गल्लीत, पण नाक खुपसते आमच्या घरात.

मी शिवणकाम करते, तेव्हा मोजूनमापून वागणं अंगात मुरलेलं. मागच्या भिंतीच्या सावलीत माझा वाफा आहे. तिथला नियम असा की एका रोपाचं एकच पान घ्यायचं, तेही कात्रीनं तिरकं कापून. जास्त ओरबाडलं तर रोप खचतं. ह्यांची दरवर्षी कुरकुर, "सुपाला नुसतं पान दाखवून काढून घेतेस का गं?" मी एका वाक्यात गप्प करायची, "सात वर्षं वाट तुम्ही पाहिलीत का?"

त्या दुपारी ह्यांनी रानलसणीचं सूप दोनदा मागून घेतलं. पित्तामुळे मी लसणीला तोंड लावत नाही. मी भांडी आवरत होते तोच धाकटी दारातूनच ओरडत आली.

"ताई, माझी घंटाफुलं उगवली का गं?"

"कसली घंटाफुलं?"

"अगं, गेल्या वर्षी तुझ्या वाफ्याच्या कोपऱ्यात कंद पुरले होते. तुझा वाफा म्हणजे नुसता पाला. म्हटलं, चार पांढरी फुलं दिसली तर तुलाच बरं वाटेल."

घंटाफुलाचं पान रानलसणीसारखंच दिसतं, फक्त त्याला लसणीचा वास नसतो. आणि ते विषारी असतं, थेट हृदयावर जाणारं. आमच्या ह्यांचं हृदय आधीच गोळ्यांवर चाललेलं.

बाहेरच्या खोलीत हे खुर्चीत बसून पोटावरून हात फिरवत होते. "जरा मळमळतंय. जास्त झालं वाटतं जेवण."

धाकटीनं रुग्णवाहिकेला फोन लावला. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, गाडी वीस मिनिटांत येईल, तोवर त्याचं एखादं पान सोबत घेऊन ठेवा आणि पोटात किती पानं गेली ते बघा.

मी वाफ्याकडे धावले. प्रत्येक रोपावर माझ्या कात्रीची खूण होती. पहिला कापलेला देठ हुंगला, लसूण. दुसरा, लसूण. तिसरा, चौथा, सगळी लसूणच. हायसं वाटणार तेवढ्यात लक्षात आलं की वास माझ्या बोटांनाच येतोय. सकाळपासून मी लसणीतच बरबटले होते. पानं चिरतानाही मी अशीच हुंगून खात्री केली होती! त्या बोटांनी दगड हुंगला असता तरी लसूणच वाटला असता.

"तू हुंग," मी धाकटीला म्हटलं. "हात लावू नकोस, नाक लाव फक्त."

ती गुडघ्यांवर बसून एकेका देठाशी वाकत गेली. "ही लसूण. ही लसूण. हीपण." कात्रीची शेवटची खूण संपली. म्हणजे मी चुकले नव्हते.

"ताई, इकडे बघ."

अगदी कोपऱ्यात काही देठ उरले होते. कापलेले नव्हते, हातानं ओरबाडलेले होते. ती वाकली आणि वर बघून म्हणाली, "ह्याला वासच नाही."

मी कधी ओरबाडत नाही. धाकटी आत्ता आली होती. उरलं कोण?

"मी? मी कशाला जाऊ तुझ्या वाफ्यात?" हे म्हणाले. कपाळावर घाम, नजर जमिनीवर.

"खरं सांगा हो! किती पानं तोडलीत?"

"नाही म्हटलं ना."

गाडीतही तेच, नाही म्हणजे नाही. मी विनवलं, दरडावलं, पुन्हा विनवलं. मी जितका आवाज चढवला तितके ते मिटत गेले. ते पिवळे पडत चालले होते आणि मला ह्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

दवाखान्यात यंत्राचे टिकटिक ठोके फार लांब लांब पडत होते. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर वाकल्या. "काका, किती पानं खाल्लीत? त्यावर उताऱ्याचं औषध किती द्यायचं ते ठरेल. अंदाजानं देता येत नाही मला."

ह्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"ओरडणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही हो."

"आठ-नऊ असतील. तू गिऱ्हाइकाचं माप घेत होतीस तेव्हा. कोपऱ्यातली घेतली, म्हटलं तुला कळणार नाही. सूप जरा दाट व्हावं म्हणून तुझ्या पानांत मिसळली."

डॉक्टरीणबाई धावतच बाहेर गेल्या.

संध्याकाळी त्या सांगायला आल्या की आता धोका टळला. "पण काकू, काका घरीच बोलले असते तर इतकं ताणलं नसतं." हे झोपले होते. घरापासून इथपर्यंत विष अंगात भिनत असताना ह्या माणसाला भीती वाटली ती माझी. मी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात बोलायचा प्रयत्न केला. मला ते नीट जमेना.