भोंगा थांबेपर्यंत

भोंगेवाले नदीच्या काठावरून खाली उतरले ते ‘पात्रात उतरू नये’ या पाटीचा आधार घेऊन. पाटी हलली नाही. हलणार कशी, ती त्यांनीच ठोकलेली होती.

“पाटी वाचता येत नाही का तुम्हाला?” काठावरून बायको म्हणाली. तिच्या हातात कपड्यांची बादली होती.

“ती लोकांसाठी आहे.”

“आणि तुम्ही कोण?”

“मी खात्याचा माणूस.”

खात्याच्या माणसाला पाणी ओळखतं आणि वळसा घालून जातं, अशी त्यांची समजूत असावी.  बायको बादली सावरत धरणाच्या वसाहतीतल्या नळाकडे वळली.

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवायचा आणि खालच्या लोकांना सावध करायचं, या एका कामात भोंगेवाल्यांची सगळी नोकरी सरत आली होती. भोंगा केबिनच्या छतावर आणि बटण बरोबर त्याच्या खाली. तार वाचावी म्हणून कुणा हुशार साहेबाने ते तसं बसवलं. तार वाचली, कान मात्र गेले. गेले म्हणजे बहिरे झाले असं नाही, उलट गरजेपेक्षा जास्त ऐकू लागले. भोंगा बंद झाला तरी त्यांच्या कानात तो चालूच राहायचा. जेवताना घास हातात धरून ते विचारायचे, “वाजतंय का काही?”

“तुमच्या कानात,” बायको म्हणायची आणि आमटी वाढायची. इतक्या वर्षांच्या संसारात ना प्रश्न बदलला होता, ना उत्तर.

शेवटी खात्याच्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं झाड होतं आणि त्याला कसलाच त्रास दिसत नव्हता. “याला औषध नाही,” डॉक्टर म्हणाले. “रजा घ्या, निसर्गात वेळ घालवा. झाडं, पक्षी, वाहतं पाणी. आणि आवाज आला की त्याच्याशी भांडू नका. डोळे मिटा. येऊ द्या, जाऊ द्या. रजेत कान शांत झाले तर ठीक. नाहीतर मला लिहावं लागेल की भोंग्यावर दुसरा माणूस द्या.”

हे शेवटचं वाक्य भोंगेवाल्यांना भोंग्यापेक्षा मोठ्याने ऐकू आलं.

रजेपुरता बदली माणूस म्हणून नेमणूक झाली ती त्यांच्या मेहुण्याची. तो धरणावरच वायरमन होता.

“काळजी सोडा भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “बटण तर दाबायचंय. दाराची बेल दाबावी तसं.”

“बेल दाबून पळून जाता येतं. इथे बसून राहावं लागतं,” भोंगेवाले म्हणाले. “चाचणी सोमवारी, बाकी दिवशी हात लावायचा नाही. आणि लक्षात ठेव, भोंगा थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा नियम आपल्यालाही आहे आणि काठावरच्या लोकांनाही.”

पात्राच्या मधोमध एक सपाट खडक होता. भोवती गोटे, लव्हाळी आणि मधूनच वाहणारी पाण्याची बारीक धार. पहिले काही दिवस भोंगेवाले तिथे फाईल अडकलेल्या माणसासारखे बसून राहिले. मग हळूहळू त्यांना दिसायला लागलं. वाळक्या खोडावर एक खंड्या बसायचा, ते खोड त्याच्या नावावर असल्यासारखा. बगळे पाण्यात उभे राहायचे ते चक्क काही न करता, आणि तरी त्यांचं पोट भरायचं. कानातला आवाज पातळ होत गेला. एका सोमवारी तर चाचणीचा भोंगा वाजून थांबला, आणि कानातही थांबला. त्या दिवशी जेवताना त्यांनी प्रश्नच विचारला नाही. बायकोने आमटीची वाटी हातात धरून जरा वेळ वाट पाहिली. मग पदर डोळ्याला लावला आणि फोडणीचा धूर झाला म्हणाली. फोडणी केव्हाच होऊन गेली होती.

आज गुरुवार. आकाश स्वच्छ होतं, पण वरच्या डोंगरांच्या मागे काळपट काहीतरी साचलेलं. हवा हलत नव्हती. धारेचा रंग कालच्यापेक्षा गढूळ वाटला. भोंगेवाल्यांनी चपला काढून शेजारी ठेवल्या आणि खडकावर मांडी घातली.

मग तो आला.

लांबून, बारीक, चढत जाणारा.  आज सोमवार नाही. पावसाळा संपलेला. म्हणजे हा बाहेरचा नव्हे. म्हणजे दुखणं परत आलं, आणि आता डॉक्टर लिहिणार. विचारायला शेजारी बायको नव्हती. त्यांनी डोळे मिटले. भांडायचं नाही. येऊ द्या.

आवाज येत राहिला. तो इतका हुबेहूब होता की खरा भोंगा चढताना मध्ये घेतो तो आचकासुद्धा त्यात होता. आपल्या दुखण्याचं त्यांना कौतुकच वाटलं. जाऊ द्या, ते मनात म्हणाले. तो जाईना.

पंखांचा फडफडाट झाला म्हणून त्यांनी डोळे उघडले. बगळे सगळे एकदम उठले होते. खोड रिकामं होतं.

बगळ्यांच्या कानात काही वाजत नव्हतं.

भोंगेवाले उठले. चपलांकडे हात गेला तेव्हा एक चप्पल आधीच पाण्याबरोबर निघाली होती. ते अनवाणी गोट्यांवरून धावले, पडले, गुडघ्यावर सरकले. पाण्याने पोटऱ्या धरल्या. त्यांनी पाटीचा खांब धरला. पाटी हलली नाही.

भोंगा ऐकून नळावरून धावत आलेल्या बायकोचा हात वरून आला. कोपरापर्यंत साबण होता, त्यामुळे तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिने त्यांची कॉलर पकडली.

दोघं काठावर बसली तेव्हा खडक दिसत नव्हता. लव्हाळी दिसत नव्हती. वाळकं खोड एकदा उभं राहिल्यासारखं झालं आणि गेलं. धरणाच्या भिंतीवर मेहुणा केबिनबाहेर येऊन दोन्ही हात हलवत होता. भोंगा बंद करून त्याला बराच वेळ झाला होता.

भोंगेवाल्यांनी मान तिरकी केली. बायकोला ती मान माहीत होती.

“वाजतोय ना अजून?” त्यांनी विचारलं.

ती पाण्याकडे बघत राहिली.

“वाजतोय,” ती म्हणाली.

“दम आहे मशीनला,” भोंगेवाले म्हणाले, आणि अनवाणी पाय जुळवून ताठ बसले. भोंगा थांबेपर्यंत जागचं हलायचं नव्हतं.

ती त्यांच्या शेजारी बसून राहिली. हातावरचा साबण वाळून पांढरा पडला. तिकडे नळावर कपडे बादलीत तसेच होते.