राहिलेली खिडकी

सलूनवाल्यानं चार वर्षं खपून काड्यापेटीच्या काड्यांचा घड्याळाचा मनोरा उभा केला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ब्लेडनं एकेका काडीचं गूल उडवायचा आणि नुसती काडी चिमट्यानं धरून डिंकानं चिकटवायचा.

त्याचा साडू विम्याचा एजंट. बोलायला इतका गोड, की तो उठून गेल्यावर आपले खिसे चाचपावेत. "साडूभाऊ, वाचनालयाच्या प्रदर्शनात ठेवू या की," म्हणाला, आणि एक खिडकी अजून व्हायचीय हे सांगेपर्यंत मनोरा गाडीत चढलाही होता. प्रदर्शनात पाटीवर नाव साडूचं होतं.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "ताईच्या घरात कशाला भांडण?"

"जाऊ देतो की," तो म्हणाला. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. चार वर्षं त्याची आणि नाव या ऐतखाऊचं?

बक्षीस समारंभाला तो ब्लेड, डिंक आणि काड्यापेटी खिशात घालून पहिल्या रांगेत बसला. साडू माईकवर रंगात आला होता. तपश्चर्या काय, एकाग्रता काय! टाळ्या थांबल्यावर सलूनवाला उठला.

"साडूभाऊ, मागे एक खिडकी राहिलीय. बावीस काड्यांचं काम. तुमचा तर हात बसलाय, आत्ताच करून टाका."

परीक्षकबाईंनी मनोरा फिरवला. खरंच तिथे भोक होतं. साडूनं मागची बाजू बघितली असेल तर शपथ. बाईंनी हौसेनं टेबल पुढे ओढलं, सलूनवाल्यानं खिशातलं सामान त्यावर मांडलं.

साडूनं काडी घेतली आणि गुलासकट डिंकात बुडवली. दुसरीही तशीच. मंडळींत खसखस पिकली. तिसरी बोटालाच चिकटली. सलूनवाल्याला इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली. थोडीशीच.

साडू वाकून पुटपुटला, "सांभाळून घ्या हो. तुम्हीच केलाय म्हणून सांगतो सगळ्यांना."

"छे, छे. पाटीवर तुमचं नाव आहे," सलूनवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्यानं ब्लेड साडूपुढे सरकवलं, खुर्चीत रेलून बसला आणि पाय पसरले. "होऊ द्या सावकाश. मी दुकान बंद करून आलोय."