मोतेगींच्या गाडीचे पाय

जपानात आमच्या गुन्मा जिल्ह्याची ख्याती दोन गोष्टींसाठी: हिवाळ्यातला कोरडा वारा आणि घराघरातलं बायकांचं राज्य. वारा खरा आहे. राज्याचं म्हणाल, तर माझ्या वाट्याला एक गॅरेज, एक नवरा आणि त्याने जमवलेलं भंगार एवढाच मुलूख आला. इवाओ काही म्हणजे काही टाकत नाही. गाड्यांच्या तुटक्या, तडकलेल्या नळ्या भिंतीवर खिळ्यांना टांगून ठेवतो. मी म्हणते, "अहो, हे गॅरेज आहे की खाटकाचं दुकान?" तो हसतो आणि आणखी एक खिळा ठोकतो.

थंडीच्या तोंडावर मोतेगी शोहेई आले, तेव्हा त्यांच्या आधी त्यांच्या गाडीची फटफट आली. माणूस सत्तरी ओलांडलेला. दिवसभर बायको किनुयोबरोबर कोन्न्याकूच्या, म्हणजे कंदाच्या पिठाच्या लिबलिबीत वड्या पाडायच्या आणि संध्याकाळी निळी स्पोर्ट्स कार काढून घाटात एक फेरी मारून यायचं, हा त्यांचा जुना नेम. गाडी आमच्याच जिल्ह्यात बनलेली आणि मालकाइतकीच हट्टी. वसंतात छातीत कळ येऊन दवाखान्यात राहिले, तरी घरी आल्यावर नेम सुरूच. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती, आणि ही बातमी त्यांनी स्वतःच गावभर केली होती.

"नुकागा, पाय गेले," ते इवाओला आमच्या आडनावाने हाक मारत म्हणाले.

त्यांचे नव्हे, गाडीचे. इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या चार नळ्या वळत वळत पुढे एकत्र येतात, त्या हेडरला आमच्याकडे ऑक्टोपसचे पाय म्हणतात. मोतेगींच्या गाडीचे पाय जोडावर तडकले होते.

"या वेळी असे घाल की पुन्हा बघायला नको. मी आधी जाईन, मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी हे पाय. असा क्रम लागला पाहिजे."

"अभद्र बोलू नका," मी चहा ठेवत म्हटलं. "आणि तुम्ही गेल्यावर ती गाडी कोण चालवणार, किनुयो?"

"ती? ती तर त्या गाडीत बसतसुद्धा नाही वहिनी. म्हणते, कंबर मोडते."

इवाओने बाकावर नव्या पायांचे दोन संच मांडले. पहिला आरशासारखा चकचकीत. मोतेगींचे डोळे लगेच त्यावर गेले. इवाओने त्यांचा हात धरला आणि बोट नळीच्या तोंडात घातलं.

"काय लागतंय?"

"खडबडीत आहे रे. गाठी आहेत."

"वरून कीर्तन, आतून तमाशा. जोड बाहेरून घासून चमकवलाय, आत वेल्डिंगचा रस ओघळून तसाच राहिलाय. पत्राही पातळ. घाटात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात ना, दोन हिवाळ्यांत चाळण होईल."

"वरून उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली तर?"

"ओल्या मोज्यात पाय ठेवल्यासारखं होईल. आतल्या आत कुजतील."

दुसरा संच मळकट दिसत होता, पण उचलताना मोतेगींना दुसरा हात लावावा लागला. जाड स्टेनलेस स्टील, इंजिनाला टेकणारी पट्टी बोटभर जाडीची, तापून वाकू नये म्हणून. नळ्या एकमेकींत सरकवून बसवलेल्या, त्यामुळे तापून वाढल्या तरी जोडावर ताण येत नाही. इवाओ त्यावरून असा हात फिरवत होता की मला आमच्या लग्नातलं असं काही आठवेना. माझ्यावरून त्याने असा हात कधी फिरवला नाही.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "याच्या चारही नळ्या सारख्या लांबीच्या आहेत. जुन्या लहानमोठ्या होत्या, म्हणून वायूचे ठोके मागेपुढे पडायचे आणि गाडी डुगडुग करायची. ती डुगडुग जाईल. आवाज सपाट आणि हळू होईल."

"होऊ दे. मी काय गाणं ऐकायला घेतलीय गाडी?"

झालं. पाय बसले, तपासणीचा कागद मिळाला, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली. जुने तडकलेले पाय इवाओने भिंतीवर टांगले. मी तोंडाला येईल ते बोलले, त्याने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही.

आठवडा उलटला असेल, किनुयो आली. तिच्या छोट्या ट्रकमधून, हातात कोन्न्याकूचा डबा, वर तिच्या हातची मिसो, युझू लिंबाची साल घातलेली सोयाबीनची चटणी. युझूच्या सालीचा तो वास अख्ख्या गॅरेजभर पसरला. वाऱ्याबद्दल बोलली, मुळ्याच्या भावाबद्दल बोलली, माझ्या सुनेबद्दलही विचारलं. मग एकदम म्हणाली, "सुमिए, ते नवे पाय काढून टाकायला सांग ना तुझ्या नवऱ्याला."

"का गं? बिघडले?"

"काही बिघडलेलं नाही. ऐकूच येत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोतेगींचं घर घाटाच्या वरच्या अंगाला. गाडी खालच्या बोगद्यातून बाहेर पडली की डुगडुग स्वयंपाकघरापर्यंत यायची. ती आली की किनुयो दारातला दिवा लावायची आणि कणकेच्या रुंद पट्ट्या उकळत्या पातेल्यात सोडायची. मोतेगी चपला काढेपर्यंत वाढून तयार. इतकी वर्षं त्या माणसाने दारात येऊन कधी "आलो" म्हटलं नाही. गाडीच म्हणायची.

"वसंतापासून मी त्या आवाजासाठीच बसते गं," ती म्हणाली. "त्यांना 'जाऊ नका' म्हणवत नाही. गाडी सोडली तर ते महिनाभर टिकायचे नाहीत. पण आवाज आला की मला कळतं, आजचा दिवस पार पडला. त्या पहिल्या संध्याकाळी अंधार झाला तरी काही नाही. मी बॅटरी घेऊन तशीच रस्त्यावर धावले. घरातल्या सपातांवर. मनात म्हटलं, वळणावर कुठेतरी गाडी उभी असेल आणि आत हे..." तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "तर हे मागून आले. बिनआवाजी. आणि हसले."

"मग सांग की त्यांना!"

"मुळीच नाही. मी घाबरते हे कळलं तर जाणं बंद करतील. तूही सांगायचं नाहीस. शपथ घाल— नाही, घे."

मी घेतली. मला काय माहीत, दुसऱ्याच दिवशी मोतेगी येणार म्हणून.

ते गाडीभोवती दोनदा फिरले. टायर लाथाडला. इवाओ दुसऱ्या गाडीखाली होता, त्याच्या पायांकडे बघून ते म्हणाले, "नुकागा, काहीतरी चुकतंय रे."

"काय?" पाय म्हणाले.

"गाडीत काही नाही. गाडी अशी कधीच पळाली नव्हती. पण... पूर्वी मी शेवटच्या चढावर आलो की दारात दिवा लागायचा. इतकी वर्षं. मला वाटायचं, हिची वेळच ती. आता अंधारात पायऱ्या चाचपत जातो. आणि बाई बोलत नाही माझ्याशी."

"काय केलंत?" मी विचारलं.

"मी कुठे काय केलं? त्या दिवशी रस्त्यात उभी होती, बॅटरी घेऊन, सपातांवर. मी विचारलं, मांजर शोधतेस का? तेवढ्यावरून अबोला! चेष्टा केली हो."

मी कोन्न्याकूची बशी त्यांच्यापुढे आदळली. काल घेतलेली शपथ माझ्या जिभेच्या टोकावर बसली होती, आणि माझी जीभ कसली आहे ते इवाओला विचारा.

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. "ही मिसो आमच्या घरची आहे. किनुयो आली होती? कशाला?"

"मांजर शोधायला!" मी ओरडले. "अहो शहाणे, ती तुम्हाला शोधत होती! वळणावर गाडीत मरून पडलेल्या तुम्हाला! गाडीचा आवाज आला की तुम्ही जिवंत आहात हे तिला कळायचं, म्हणून दिवा लागायचा. आणि तुम्ही हसलात!"

शपथ मोडली. मोडली तर मोडली.

मोतेगींच्या तोंडातला घास तसाच होता. गाडीखालून इवाओ सरपटत बाहेर आला, हात पुसले, भिंतीपाशी गेला आणि खिळ्यावरून जुने पाय काढले.

"याच मापाच्या नळ्या करतो," तो म्हणाला. "लहानमोठ्याच, पण जाड स्टीलच्या. आतून जोड मी स्वतः करीन. गाडीची थोडी ताकद जाईल."

"जाऊ दे."

"मला तीन आठवडे लागतील."

"तोवर काय करू?"

"तोंड आहे ना?" मी म्हटलं. "वापरा. आणि मी सांगितलं हे तिला कळता कामा नये."

त्या तीन आठवड्यांत इवाओ जेवायला हाक मारूनही येत नव्हता. एक नळी जुळेना म्हणून त्याने ती तीनदा कापली. भंगाराबद्दल मी एक शब्द काढला नाही, काढायला तोंडच राहिलं नव्हतं.

पाय बसवले त्या संध्याकाळी मी मुद्दाम किनुयोकडे गेले. तिला काही सांगितलं नव्हतं. ती कणीक लाटत होती, मी मुळा चिरत होते. बाहेर वारा सुटला होता. मध्येच तिचं लाटणं थांबलं. मला अजून काही ऐकू येत नव्हतं. मग खालून, बोगद्याकडून, आलं: डुगडुग, डुगडुग.

किनुयोचा हात पिठासकट दिव्याच्या बटणावर गेला. बटणाला पीठ लागलं. तिने भराभरा पट्ट्या पातेल्यात सोडल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आपणही बाईच आहोत, कधी बघू नये ते कळतं.

गाडी अंगणात येऊन थांबली. चपला काढल्याचा आवाज झाला. आता हाक मारायची काही गरज उरली नव्हती. पण तीन आठवड्यांची सवय लागली होती म्हणा, किंवा दुसरं काही. दारातून मोठ्याने हाक आली:

"किनुयो! आलो गं!"

"कळलं हो," ती पातेल्यात बघत म्हणाली. "बहिरी नाही मी."

आणि मग, पातेलं उतू जात असताना, ते तसंच सोडून ती दाराकडे गेली.